तुळशीरामची कट्-कट्-कर्र

लोक माझ्याकडे सायकल आणतात ती आवाज काढून घ्यायला. तुळशीराम आणतो आवाज घालून घ्यायला.

हसायचं तर हसून घ्या. मीही हसलो होतो.

नागभीडला बाजाराच्या रस्त्यावर चिंचेखाली माझं दुकान आहे. शाळा माझी तिसरीपर्यंत, तीही अर्धी. पण सायकल पाठीमागून गेली तरी मान न वळवता सांगतो, हिची चेन कोरडी आहे, हिच्या मागच्या चाकाचा कोन सैल आहे आणि हिचा मालक उजव्या पायानं जास्त रेटतो. बढाई नाही, जे आहे ते आहे. मोटारसायकली दुरुस्त करा म्हणून घरच्यांनी डोकं खाल्लं. हात लावला नाही, लावणारही नाही. माझ्या हातून निघालेली सायकल मांजरासारखी गेली पाहिजे, हा माझा हट्ट. लोक मला मिस्त्री म्हणतात ते उगाच नाही.

तर अशा माझ्यापुढे दिवाळीनंतरच्या बाजाराच्या दिवशी जंगलापलीकडच्या गावचा एक वाळका, उंच माणूस येऊन उभा राहिला. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, हातात जाड टायरची गिअरची सायकल.

"मिस्त्री, आवाज पायजे."

"भोंगा लावू का घंटी?"

"घंटी नोको. घंटी मानूस वाजवते. मले सायकलीनं सोता वाजवलेला पायजे. पोटातून."

पोट म्हणजे काय ते सांगतो. दोन पायडलांचे दांडे जिथं एकमेकांना भेटतात तिथं फ्रेमला एक आडवी नळी असते. तिच्यात एक्सल, दोन्ही टोकांना दोन वाट्या, वाट्यांत छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या. दुकानदार तिला बॉटम म्हणतात. तुळशीराम पोट म्हणतो, आणि आता मलाही तीच सवय लागली. माणसाचं सगळं बळ पायातून तिथंच उतरतं. चाक दिसतं, हँडल दिसतं, ते लोक पुसतात. पोटाकडे कोणी बघत नाही, ते ओरडेपर्यंत.

तुळशीरामच्या सायकलीचं पोट ओरडत नव्हतं. हेच त्याचं दुखणं.

सायकल त्याच्या भाच्याची. भाचा घुग्घुसला कोळशाच्या खाणीत कामाला. त्यानं मोटारसायकल घेतली आणि ही डोंगरदऱ्यात चालवायची म्हणतात तसली सायकल मामाला दिली. मामानं पहिलं काम काय केलं, तर सळईचं कॅरिअर वेल्डिंग करून बसवलं. सुटाबुटातल्या माणसानं डोक्यावर सरपणाची मोळी घ्यावी, तशी ती दिसते. कॅरिअरवर लुगड्याची चौपदरी घडी, सुतळीनं आवळून बांधलेली. त्या घडीवर काही ठेवायचं नाही. बाजाराची पिशवी हँडलला, तेलाची बाटली खांद्याला, पण कॅरिअर रिकामं. मी एकदा सहज पान्हा ठेवला. तुळशीरामनं तो दोन बोटांनी उचलून माझ्या हातात दिला आणि घडी हातानं झाडली.

"तिथी नाई, मिस्त्री."

मामा ती वापरायला लागल्यावर भाच्यानं हौसेनं चंद्रपूरच्या मोठ्या दुकानातून सायकलीच्या पोटात बंद डबी टाकून आणली होती. छर्रे आत, ग्रीस आत, दोन्हीकडून रबर. मुरमाची लाल धूळ जात नाही, धानाच्या बांधीतला चिखल जात नाही. नवीन वस्तूंचं मला फार कौतुक नाही, पण ती डबी ज्यानं काढली त्याच्या हाताला माझा सलाम. पावसाळे येतील, जातील, ती चकार शब्द बोलणार नाही. आणि हा म्हणतो, काढा.

"काऊन?"

"मुकी हाय."

त्याची बायको गिरजाबाई. गेल्या मोहाच्या हंगामात ती फुलं वेचायला गेली आणि तिला वाघानं नेलं. ही गोष्ट तालुक्यात सगळ्यांना ठाऊक. म्हणून आम्ही सगळ्यांनी एकच अंदाज बांधला. वाघाची धास्ती घेतली आहे यानं. जंगलातून जाताना आमच्याकडे लोक खोकतात, मोठ्यानं बोलतात, डबे वाजवतात, जनावराला कळावं का माणूस येऊन राहिला म्हणून. त्यातलाच हा प्रकार. भेदरलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी पान्हा घेतला. उजवीकडची वाटी उलटी फिरते. हे ज्याला ठाऊक नाही तो तिथंच आटे खाऊन टाकतो. डबी निघाली. ती मी फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली. फेकायला माझा हात धजला नाही.

मग प्रश्न, आवाज घालायचा तो कोणता?

ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं खर्रा थुंकला, डोळे मिटले आणि जिभेनं आवाज काढला. "कट्... कट्... कर्रऽऽ."

समोर वंदनाबाईची चहाची टपरी. ती तिथून ओरडली, "अगा चाचा, कोंबडीच्या गळ्यात काई अटकलं का जी?"

"तुयी कोंबडी नाई, भाऊची सायकल हाय!" मी म्हटलं.

तुळशीरामला राग नाही, लाज नाही. तो पुन्हा डोळे मिटून सांगायला लागला. पहिलं कट् मोठं. मग थोडा दम. दुसरं कट् बारीक. "आन् कर्र कसा, मिस्त्री, खर्रा घोटल्यावानी. पन्नीत सुपारी रगडली का येते ना, तसा."

माझ्याकडे एक पत्र्याचा डबा आहे. जन्मभर खराब माल मी त्यात फेकत आलो. खड्डे पडलेल्या वाट्या, टवके उडालेले छर्रे, तुटलेल्या जाळ्या. आता म्हातारपणी त्या डब्यातून चांगला खराब माल निवडत बसलो. हा छर्रा फार वाईट, हा वाईटच नाही. हिवाळाभर दर बाजारी हा कार्यक्रम. मी छर्रे घालायचे, वाटी आवळायची, मागचं चाक उचलून पायडल फिरवायचं. तुळशीराम बांबूची काडी दातात धरून तिचं दुसरं टोक फ्रेमला टेकवायचा, कारण कान खोटं सांगतात, दात सांगत नाहीत, असं त्याचं म्हणणं. मग डोळे मिटून मान हलवायचा.

"नाई. हे दुसऱ्या कोनाची हाय."

"सायकल तुयीच हाय ना बे!"

"सायकल माई हाय. आवाज दुसऱ्याचा हाय."

वंदनाबाई म्हणायची, हा लग्नाची पोरगी पाहून राह्यला. मीही हसायचो. पण एक सांगतो, तो काडी दातात धरून बसला का त्याचा चेहरा बघवायचा नाही. आतून कोणीतरी दार उघडेल म्हणून उभा असल्यासारखा चेहरा.

शेवटी डावीकडच्या वाटीत एक टवका उडालेला छर्रा घातला आणि कट्-कट् साधलं. तुळशीराम उठून उभाच राहिला. काडी तोंडातून पडली.

"हेच."

"झालं मंग."

"कर्र नाई आला."

मी समजावून सांगितलं. कट् हा छर्ऱ्याचा आवाज, तो रिकाम्या सायकलीतूनही येतो. कर्र हा ओझ्याचा. मागं डबल सीट बसली, चढ लागला, पाय रेटले का एक्सल वाटीवर घासते, तेव्हा कर्र. रिकाम्या कॅरिअरवर ते येणं नाही. आणि ओझं किती ते टायर सांगते, खाली किती दबलं ते बघायचं. हवं तर तांदळाचं पोतं बांधून नेतो का?

तो घडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मंग येईन कर्र."

"पोतं बांधल्यावर?"

"नाई. येईन ते."

चिंचेखाली बसून मी लोकांचं खूप ऐकलं आहे. पण त्या दोन शब्दांनी मानेवरचे केस उभे राहिले. मी चिडून ग्रीसचा डबा बंद केला.

पुढची कटकट वेगळीच. शांतता टिकवणं सोपं आहे. आटे पुसा, ग्रीस लावा, वाटी बराबर आवळा, नाल्याच्या पाण्यात पायडल बुडले असतील तर घरी आल्यावर खोलून कोरडं करा, मोटारसायकल धुतात त्या जोराच्या पाण्याखाली धरू नका. झालं. आवाज टिकवणं महाकठीण. टवक्याचा छर्रा दुसऱ्या छर्ऱ्यांना खातो, छर्रे वाटीला खातात, आणि आवाज रोज थोडा थोडा बदलत जातो. तुळशीराम धापा टाकत यायचा. "मिस्त्री, दुसरं कट् मोठं झालं!" दुसरा एखादा पोरगं आजारी पडलं म्हणून वैद्याकडे धावावा तसा.

एकदा मला राहवलं नाही. माझ्या दुकानातून निघालेली सायकल असा खुळखुळा वाजवत बाजारातून जाते, लोक विचारतात कोणत्या मिस्त्रीचं काम? मी तो बघत नसताना बोटभर ग्रीस आत सारलं. चिंचेची सावली ओलांडली नसेल, तो परत.

"तुमी तिचं तोंड दाबलं."

मी पुन्हा वाटी काढली. त्याच्यासमोर रॉकेलनं धुऊन काढलं.

उन्हाळ्याच्या तोंडी मोह गळायला लागला आणि तुळशीराम आला तेव्हा सायकल वाजत नव्हती, खडखडत होती. दांडा धरून हलवला तर दाढ हलावी तसा हलला. खोलून बघतो तर डावी वाटी सैल होऊन फ्रेमचे आटे चावायला लागलेली.

मी पान्हा खाली ठेवला. "तुळशीराम, नीट आयक. वाटी गेली तं दुसरी मिळते, छर्रे मिळतेत. पन फ्रेमचे आटे गेले तं या पोटात काहीच बसनार नाई. ना डबी, ना तुये कट्-कट्. फ्रेम म्हणजे आवाजाचं घर हाय. दुसऱ्या फ्रेममंदी हाच माल घातला तरी आवाज दुसरा निघन."

तो मातीतच बसला. "म्हंजे हा आवाज जाईन?"

"जाईन."

"मोह संपेपर्यंत तरी, मिस्त्री. मोह संपेपर्यंत राहू द्या."

वाघाच्या धास्तीनं माणूस असं बोलत नाही. तेवढं मला कळलं. काय आहे ते विचारलं नाही. सायकल ठेवून जा म्हटलं. तो पायी गेला, जंगलातून.

सायकल माझ्या दुकानात उलटी पडली होती, पोट उघडं, एक्सल रॉकेलच्या तसराळ्यात. दुसऱ्या दिवशी वंदनाबाई चहा घेऊन आली ती नेहमीसारखी बोलली नाही. कप ठेवला आणि फ्रेमकडे बघत उभी राहिली.

"चाचा, ही कवापासून इथी हाय?"

"कालपासून."

"आज सकाळी आमच्याकडच्या बाया मोह वेचाले गेल्या. जंगलातल्या वळनावर तुळशीरामभाऊची सायकल आयकली मन्ते. कट्-कट्. भाऊ येऊन राह्यले मनून रस्त्यावर आल्या तं कोनीच नाई."

"तांबट असन. ते पाखरू असंच बोलते."

"तांबट मले मालूम नाई का जी?" ती म्हणाली, आणि कप न घेता गेली.

मी भुताखेताला मानत नाही. तसराळं मात्र फळीवरून काढून बाहेर उन्हात ठेवलं.

त्या सायकलीवर मी जे काम केलं ते कोणी केलं नसेल. फ्रेमचे आटे साफ केले, नव्या वाट्या घेतल्या, आट्यांना ग्रीस लावून अशा बसवल्या का जागच्या हलू नयेत. नवा एक्सल. सगळे छर्रे नवे, आणि डावीकडे फक्त तो एक, टवक्याचा. म्हणजे मरायचं तर वाटीनं मरावं, फ्रेमनं नाही. वाटी झिजली का नवी घालायची, छर्रा तोच. असा आवाज तुळशीरामच्या पुढंही टिकेल. ही माझी युक्ती आहे, कोणाकडून शिकलो नाही.

तुळशीरामनं काडी दातात धरली, ऐकलं, मान डोलावली. मग भीत भीत म्हणाला, "कर्र?"

"रस्त्यावर पाहू. मी येतो संगं. माह्या दुकानातून अर्धं काम जात नाई."

ऊन कलल्यावर निघालो. तो पुढं, मी माझ्या सायकलीवर मागं. गाव सुटलं, बांध्या सुटल्या, जंगल लागलं. रस्ता सपाट, टणक. त्याची सायकल कट्-कट् करत चालली होती, माझी मुकी. कॅरिअर रिकामं, कर्र नाही. मोहाचा गोड, जड वास. झाडांखालचा पालापाचोळा बायांनी जाळून साफ केलेला, त्या काळ्या जागेवर पिवळी फुलं पडलेली. माणूस एक नाही. तो आवाज ऐकल्यापासून त्या बाजूला बाया जात नाहीत.

त्या वळणावर फांद्यांचा ढीग आहे. वाघानं माणूस नेला त्या जागी आमच्याकडे येणारा-जाणारा हिरवी फांदी टाकतो. मीही पळसाची डहाळी तोडली. तुळशीरामनं माझा हात धरला.

"माह्या देखत नोका टाकू, मिस्त्री. मेलेल्याले टाकतेत ते."

मी डहाळी हातातच ठेवली. तो उतरला. रस्त्याकडे बघत बोलला, माझ्याकडे नाही.

"ती इथीच राहे. मोह वेचे. मी बाजारातून आलो का पोट वाजे, कट्-कट्. ते आयके न तिकून काठीनं झाडावर ठोके, टक्-टक्. मंग रस्त्यावर ये न मांगं बसे. बोलाचं कामच नोयतं. त्या दिवशी भाच्यानं डबी टाकून देल्ली. सायकल मुकी. मी आलो न गेलो. मले वाटलं, आज लवकर घरी गेली असन. तिले वाटलं, मी अजून आलोच नाई. अंधार पडेपर्यंत बसून राह्यली."

"म्हणजे वाघासाठी नाई हे सारं?"

"वाघाले काय आयकवाचं जी? तिले सांगाचं हाय का मी आलो. ती अजून वाट पाहून राह्यली असन तं?"

त्यानं मागचं चाक उचललं आणि हातानं पायडल फिरवलं. कट्. कट्. थांबला. पुन्हा फिरवलं. जंगलात एक पान हलत नव्हतं. वानरं कुठं होती कोण जाणे. मी खोकणार होतो, आपल्या सवयीनं. खोकला आला नाही.

आतून, मोहाच्या झाडांतून, आवाज आला. टक्-टक्.

सुतार पक्षी. मोहाच्या खोडावर असतोच तो. मी तेव्हाही स्वतःला हेच सांगितलं.

तुळशीरामनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तो सायकलीवर बसला, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले, हँडल घट्ट धरून सायकल सरळ उभी ठेवली. मागं कोणी बसायचं असलं का आपण धरतो ना, तशी. थोडा थांबला. मग पाय रेटला.

कट्. कट्. कर्रऽऽ.

रस्ता तोच, सपाट. चढ नव्हता, पोतं नव्हतं. कॅरिअरवर लुगड्याची घडी होती, आणखी काही नव्हतं, ते मी बघितलं. पण आवाजाच्या बाबतीत मला कोणी शिकवायचं नाही. तो ओझ्याचा आवाज होता. तुळशीराम सावकाश, दमानं पायडल मारत होता, खड्डा चुकवत होता, आणि त्याचे खांदे मी पहिल्यांदा सैल पडलेले बघितले.

टायरनं सगळं सांगितलं असतं. मागचा टायर मी स्वतः टणक भरला होता. तो दबला आहे का नाही, एक नजर टाकली असती तर गोष्ट तिथंच मिटली असती, इकडे नाही तर तिकडे.

मी नाही बघितलं. त्यांना पुढं जाऊ दिलं. त्याच्या गावाच्या वळणापर्यंत कर्र ऐकू येत होता. मग डहाळी हँडलला खोचून मी माझी सायकल फिरवली, आणि घरी येईपर्यंत घंटी वाजवत आलो.